ऐनवेळचे विषय

ग्रामपंचायतीत मी शिपाई.
सतरंजी अंथरतो, झटकतो, घडी घालून कपाटावर ठेवतो.
वीस वर्षांत किती सभा पाहिल्या.
कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या,
अर्ध्या तासानं त्याच चार माणसांत पुन्हा भरलेल्या.
आणि ज्या झाल्याच नाहीत,
त्यांच्यावर सह्या घ्यायला
रजिस्टर काखेत मारून घरोघरी हिंडलो, तो मीच.

म्हणून सुकेशिनी म्हणाली,
शनिवारी जेवणं झाल्यावर घरची सभा घेऊ, पोट्ट्यांना धरून,
तर मी हसलो.
आपल्या घरात कुठले आले ठराव?
"ठराव राहू द्या," ती म्हणाली.
"ऐकाची तरी सवय लागन. तुमाले."

पहिल्या सभेला चौघं.
सोयाबीन वाळवायची ताडपत्री, घडीत अजून दाणे अडकलेले.
परातीत फुटाणे.
विशाखा सातवीत, अक्षर बरं, म्हणून इतिवृत्त तिच्याकडे.
वही मागून सुरू केली, कारण पुढून गणित होतं.
विषय एक : मोबाइल कोणाजवळ किती वेळ.
विषय दोन : बकरीला पाला आणायची पाळी.
विषय तीन : बाबांनी दारातून ओरडू नये, आत येऊन बोलावं.
तिसरा विषय कोणी मांडला, ते लिहिलेलं नाही.
मीही विचारलं नाही.

सगळ्या सभा काही गोड झाल्या नाहीत.
एकदा पाल्यावरून दोघं भांडली, परात उलटली,
फुटाणे खाऊन बकरीनंच सभा संपवली.
एकदा मला डुलकी लागली. वहीत नोंद आहे :
अध्यक्ष झोपले. काम पुढे चालू.
शाळा उघडायच्या आधी सुकेशिनीनं
शिलाईचे आलेले पैसे आणि माझा थकलेला पगार,
दोन्ही आकडे पोरांसमोर मांडले.
मला लाज वाटली,
बापाचा खिसाच ताडपत्रीवर उलटा केल्यासारखी.
विशाखानं बेरीज केली, वजाबाकी केली,
आणि 'सायकल'च्या पुढं स्वतःच्या हातानं लिहिलं : पुढच्या वर्षी.
नंतर रडली ती.
पण ते सभेबाहेर.

आणि सुमेध. नऊ वर्षांचा.
"तुहा काई विषय?"
"नाई."
पाच शनिवार नाई.
त्याच्या नावापुढं पाच आडव्या रेघा.

सहाव्या शनिवारी मधेच लाईन गेली.
कंदील शोधायला कोणी उठलं नाही.
विशाखानं रीतीप्रमाणे विचारलं, "ऐनवेळी येणारे विषय?"
बकरी रवंथ करत होती, तेवढं ऐकू येत होतं.
"मले फळ्यावरचं दिसत नाई."
अंधारातून आलं.
"लय दिवसापासून. बाजूच्याचं पाहून लिवतो."
मग थांबून,
"सर म्हन्ते लक्ष नाई. तुमीबी म्हनलं होतं, बाबा."

म्हटलं होतं.
दारातूनच.

पंचायतीत अशा जागी लिहितात, 'सांगोपांग चर्चेअंती'.
इथं चर्चा झाली नाही.
सुकेशिनी त्याच्याकडे सरकली असावी,
ताडपत्री करकरली.
मी परातीत हात घातला
आणि फुटाणे नुसतेच चाळवत राहिलो.

लाईन आली तेव्हा वही पाहिली.
अंधारात लिहिलेली ओळ, वरवर चढत गेलेली :
सोमवारी बाबा रजा टाकतील. डोळ्यांचा दवाखाना. सर्वानुमते.
मला कोणी विचारलं नव्हतं.
मी सही केली.

चष्म्यानंतरच्या पहिल्या सभेला मला उशीर झाला.
तिघं बसली होती, मी दारातच, चपला काढत.
सुमेध तिकडून बघत राहिला, बराच वेळ.
"बाबा," म्हणाला, "तुमचे कानापासचे केस पांढरे झाले."

विशाखानं पेन उचलला.
"हे लिवू का?"